सकाळी पळणारी गाडी दुपारी का दमते: ड्रॅग रनआधी इनटेक मॅनिफोल्ड थंड करण्याविषयी

ड्रॅग रन म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ ट्रॅकवर ४०२ मीटर पूर्ण जोरात पळणं. पहिल्या रनची टाइम स्लिप, म्हणजे वेळ आणि वेग छापलेली चिठ्ठी, हातात आली की जीव सुखावतो. दुसऱ्या रनला वेळ थोडा वाढतो, आपण दोष टायरला देतो. तिसऱ्या रनला लाँच (रेषेवरून सुटणं) छान बसतो, गिअर वेळेवर पडतात, चाक कुठे घसरत नाही, तरी शेवटच्या टप्प्यात गाडीला मागून कुणी धरून ठेवलंय असं वाटतं. स्लिपवर शेवटचा वेग पहिल्या रनपेक्षा दोन-तीन किलोमीटरने कमी. संध्याकाळी गार हवेत परतताना तीच गाडी पुन्हा मोकळी पळते. पुढच्या वेळी ट्रॅकवर गेलं की पुन्हा तेच रडगाणं.

हा त्रास मी बराच काळ सोसला. प्लग बदलले, फ्यूल फिल्टर बदलला, मग इतरांचं बघून मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या जोडावर, बर्फाच्या पिशव्या रचायला लागलो. बर्फाने कधी चांगला फरक पडायचा, कधी अजिबात नाही. असं का होतं ते कळायला थर्मामीटर आणि वही घेऊन बसावं लागलं. मोजल्यावर दिसलं ते असं: मॅनिफोल्डला खालचं इंजिन तापवतं. खालची आग तशीच ठेवून वर बर्फ ठेवला तर बर्फ वाया जातो. आधी इंजिनातलं पाणी गार करायचं, मग मॅनिफोल्ड, आणि इंजिन शक्य तितकं उशिरा चालू करायचं. हा क्रम उलटा झाला की कितीही बर्फ आणा, पुरत नाही.

दोष खरंच मॅनिफोल्डचा आहे का

बर्फ आणायच्या आधी स्लिप नीट वाचा. पहिल्या १८ मीटरची वेळ मुख्यतः टायरची पकड आणि तुमचा लाँच यांवर ठरते. शेवटचा वेग मात्र इंजिनाच्या ताकदीचं बऱ्यापैकी खरं चित्र दाखवतो. पहिल्या १८ मीटरची वेळ बिघडली आणि शेवटचा वेग तसाच राहिला, तर मॅनिफोल्डला हात लावू नका, टायर आणि क्लच बघा. सुरुवात तशीच आणि वेग मात्र घसरलेला, असं असेल तर पुढे वाचा.

घसरण किती म्हणजे किती, याचाही अंदाज हवा. ४०२ मीटरच्या रनमध्ये शेवटचा वेग साधारण ताकदीच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे ताकद ३ टक्के कमी झाली तर वेग सुमारे १ टक्का कमी होतो. १८० किलोमीटर वेगाने रेषा ओलांडणाऱ्या गाडीचे पावणेदोन-दोन किलोमीटर जातात, आणि १२ सेकंदांच्या रनमध्ये दशांश सेकंदाच्या आसपास वेळ वाढतो. एवढं नुकसान उष्णतेने सहज होतं. गाडी १५ किलोमीटरने मंदावली असेल तर मात्र कारण दुसरंच आहे, ते बर्फात शोधू नका.

मग हवामान वेगळं काढा. हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. सकाळी २० अंश असताना आणि दुपारी ३५ अंश असताना सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेत जवळपास ५ टक्के फरक पडतो. हे नुकसान दिवसाचं आहे, ट्रॅकवरच्या सगळ्यांचं होतं, मॅनिफोल्ड चाटूनपुसून गार केला तरी ते भरून येत नाही. म्हणून सकाळच्या रनशी दुपारच्या रनची तुलना करून मॅनिफोल्डला दोष देऊ नका. एकदा तरी असं करा: गाडी बॉनेट उघडं ठेवून दीड-दोन तास तशीच उभी राहू द्या, भर दुपारी पूर्ण गार झालेल्या गाडीने एक रन मारा, आणि अर्ध्या तासात दुसरा. या दोन रनमधला फरक म्हणजे तुमच्या गाडीच्या उष्णतेचा खरा हिशेब. मला तरी हा एक प्रयोग दहा सल्ल्यांपेक्षा जास्त उपयोगी पडला.

तिसरी गोष्ट डेटा लॉग, म्हणजे रनभर इंजिनाच्या आकड्यांची नोंद. गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला जोडायचं साधं उपकरण असलं तरी चालतं. चार आकडे हवेत: इनटेकच्या हवेचं तापमान, पाण्याचं तापमान, इग्निशन टायमिंग (ठिणगी किती अंश आधी पडते ते) आणि नॉक (मिश्रणाचा अवेळी भडका) झाल्यावर ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, मागे घेतलेले अंश. थंड रनच्या आणि गरम रनच्या टायमिंगच्या रेषा एकावर एक ठेवा. गरम रनला सगळीकडे दोन-तीन अंश कमी दिसले तर ताकद कुठे गेली ते तिथेच कळतं.

मॅनिफोल्डचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घेता येतं, पण इथे मी फसलो होतो. उघड्या, चकचकीत ॲल्युमिनियमवर लाल ठिपका धरला, आकडा आला ३८. समाधानाने हात ठेवला आणि तसाच झटकन मागे घेतला. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, त्यामुळे थर्मामीटरला खोटाच आकडा दिसतो. त्याच जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा दोन बोटं रुंद तुकडा घट्ट चिकटवला, मिनिटभर थांबलो आणि टेपवर नेम धरला. आकडा आला ७१. तेव्हापासून माझ्या मॅनिफोल्डवर तीन ठिकाणी टेप कायमची आहे: प्लेनमवर (हवेची सामायिक पेटी), मधल्या रनरवर (सिलिंडरकडे जाणारी नळी) आणि सिलिंडर हेडला लागून असलेल्या फ्लँजवर (बोल्टने जोडायची कड). या तीन आकड्यांत उष्णता कुठून येतेय ते सरळ दिसतं. गाडी बंद केल्यावर आधी फ्लँज तापतो, मग रनर, शेवटी प्लेनम.

उष्णता चढते ती गाडी बंद केल्यावर

गाडी पळताना मॅनिफोल्डच्या आतून भरपूर ताजी हवा जात असते आणि बाहेरूनही वारा लागतो. रन संपवून तुम्ही परत येता, रांगेत लागता, किल्ली फिरवता, आणि पाण्याचा पंप, वारा, आतून जाणारी हवा, तिन्ही एकदम थांबतं. सिलिंडर हेड अजून ९० अंशांच्या वर, आणि त्या उष्णतेला वर जायला वाट एकच, मॅनिफोल्ड. माझ्या वहीतल्या एका दुपारची नोंद अशी: बंद करताना प्लेनम ५४ अंश, पाच मिनिटांनी ६१, बारा मिनिटांनी ६८. वीस मिनिटांनंतर कुठे उतरायला सुरुवात झाली. म्हणजे रांगेत शांत उभं राहून आपण गाडी गार करतोय असं वाटतं त्याच वेळी मॅनिफोल्ड तापत असतो.

पण तापलेला मॅनिफोल्ड नुकसान कसं करतो, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे बरेच गैरसमज आहेत. ५ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला साधारण १५,००० लिटर हवा ओढतं. मॅनिफोल्डची पोकळी ८ लिटर धरली तर हवेचा एखादा कण त्यात सेकंदाचे जेमतेम तीन शतांश राहतो. एवढ्या वेळात धातू कितीही गरम असला तरी हवा फार तापत नाही, काही अंशच चढते. आयडलला (इंजिन नुसतं चालू, गाडी उभी) मात्र हवा रेंगाळत जाते आणि जवळजवळ धातूइतकी गरम होते. त्यामुळे मॅनिफोल्डच्या उष्णतेचा खरा फटका बसतो स्टेजिंगला (सुरुवातीच्या रेषेवर गाडी लावताना), लाँचला आणि पहिल्या दोन गिअरमध्ये. त्यावर भर घालतो हवेचं तापमान मोजणारा सेन्सर. तो अजून गरमच असतो आणि ईसीयूला सांगत राहतो की हवा तापलेली आहे, टायमिंग मागे घ्या. हवा गार व्हायला लागली तरी सेन्सर तिच्या मागून हळूहळू येतो, आणि तोवर अर्धा रन संपलेला असतो.

आधी पाणी, मग मॅनिफोल्ड

एक छोटा हिशेब करू. ६ किलोचा ॲल्युमिनियम मॅनिफोल्ड ६५ अंशांवरून ३५ वर आणायला साधारण १६० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ नुसता वितळताना ३३४ किलोज्यूल ओढून घेतो. म्हणजे कागदावर अर्धा किलो बर्फ पुरे. आता खालचं बघा. इंजिनात १० लिटर पाणी ९० अंशांवर आहे. तेवढं पाणीच ६० वर आणायचं तर साडेबाराशे किलोज्यूल, म्हणजे जवळपास चार किलो बर्फाचं काम, आणि त्यात हेड आणि ब्लॉकचा धातू धरलेलाच नाही. ही सगळी उष्णता वर मॅनिफोल्डकडे येत राहते. म्हणून कुणी तीन-तीन पिशव्या ठेवतो आणि तरी पंधरा मिनिटांनी फ्लँजवर हात ठेवता येत नाही.

पाणी गार करण्याची सगळ्यात सोपी सोय म्हणजे इलेक्ट्रिक वॉटर पंप. इंजिन बंद ठेवून पंप आणि रेडिएटरचा फॅन चालू ठेवता येतो, आणि गाडी उभी असतानाही पाणी बऱ्यापैकी वेगाने उतरतं. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी रन संपला की पहिलं हेच करावं. फक्त बॅटरीकडे लक्ष ठेवा. पंप आणि फॅन वीस मिनिटं चालले की व्होल्टेज उतरतं, आणि उतरलेल्या बॅटरीने लाँचला गेलात तर फ्यूल पंप आणि इग्निशन दोन्ही कमी पडतात. मग बर्फाने कमावलेलं तिथे गमवाल. सोबत बाहेरचा चार्जर किंवा जंप पॅक लावून ठेवा.

पट्ट्यावर चालणारा नेहमीचा पंप असेल तर इंजिन बंद झाल्यावर नुसता फॅन चालवून फारसं काही होत नाही. रेडिएटरमधलं पाणी गार होतं, ब्लॉकमधलं तिथल्या तिथे राहतं. अशा गाडीत परतीच्या रस्त्यावरच काम सुरू करा. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा सगळ्यात जोरात ठेवून या. आत घामाघूम व्हाल, पण हीटरचा कोअर हा एक छोटा रेडिएटरच आहे, इंजिनातली उष्णता तो बाहेर काढतो. जागेवर आलात की बॉनेट उघडा, मिनिट-दोन मिनिटं फॅन चालू ठेवून आयडलला राहू द्या, पाणी उतरताना दिसलं की बंद करा. मग समोरून मोठा पंखा लावा, वारा रेडिएटरमधून आणि मॅनिफोल्डवरून दोन्हीकडून जाईल असा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधी उघडू नका, बर्फाचं पाणी आत ओतायचा विचार तर मुळीच करू नका.

किती गार करायचं, याला मर्यादा आहे. पाणी ६० ते ७० अंशांच्या आसपास असताना स्टेजला जाणं मला मानवतं. त्याखाली बऱ्याच गाड्यांचा ईसीयू इंजिन थंड समजून जास्त इंधन देतो. तेल गरमच राहू द्या. थंड तेल जाड असतं, ते ढवळण्यातच ताकद जाते आणि बेअरिंगलाही बरं नाही. गरम तेल, कोमट पाणी, गार हवा, एवढं जमलं की झालं.

बर्फ कसा ठेवायचा

पाणी ७० च्या खाली आलं की मग बर्फ. फ्रीजरमधल्या खड्यांची पिशवी जशीच्या तशी ठेवली तर खडे मॅनिफोल्डला चार-सहा ठिकाणीच टेकतात, मध्ये सगळी हवा. हवा उष्णता फारशी नेत नाही. बर्फ बारीक फोडा, झिपच्या पिशवीत अर्धीच भरा, वर पेलाभर पाणी घाला आणि हवा काढून बंद करा. आता पिशवी लोळागोळा होऊन रनरच्या मधल्या खोबणीत नीट बसते. तिच्याखाली पातळ सुती कापड ओलं करून अंथरा. त्याने पिशवी फाटत नाही आणि उरलेल्या फटीही पाण्याने भरतात. मी कडेने एक कोरडा टॉवेल गुंडाळून बांध घालतो, म्हणजे ओघळ कॉइल आणि प्लगच्या विहिरींकडे जात नाही. प्लगच्या विहिरीत पाणी साचलं तर लाँचला मिसफायर होतो आणि ते सापडायला अर्धा दिवस जातो, हे अनुभवाने सांगतो.

आधी प्लेनम की आधी फ्लँज? फ्लँजजवळचे रनर. उष्णता तिथूनच चढते, तिला वाटेत अडवा. प्लेनमवर दुसरी पिशवी. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. टेपवरचा आकडा बाहेरच्या हवेइतका झाला की थांबा. त्याहून खूप खाली नेण्यात तोटाच आहे. दमट हवेत गार धातूवर दव धरतं, ते थेंबाथेंबाने गळतं, आणि ट्रॅकवर पाणी टाकणारी गाडी मार्शल परत पाठवतात. पाठवायलाच हवी. मागच्या चाकाखाली पडलेला एक ओला पट्टा तुमच्या किंवा तुमच्या मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

कोरड्या हवेच्या जागी मला बर्फापेक्षा ओलं कापड आणि पंखा जास्त आवडतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे एक किलो बर्फ वितळण्याच्या सातपट. पातळ सुती कापड पिळून मॅनिफोल्डला चापून बसवा, वर जोराचा वारा सोडा, सुकत आलं की पुन्हा शिंपडा. हवा दमट असेल तर हा उपाय जवळजवळ निकामी ठरतो, तेव्हा बर्फच बरा.

गरम मॅनिफोल्डवर बर्फाचं पाणी थेट ओतणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून करू नका. ॲल्युमिनियम आणि गॅस्केट एकदम आकसतात, फ्लँज वाकडा होऊन व्हॅक्यूम लीक (फटीतून बाहेरची हवा आत शिरणं) सुरू होऊ शकतो, आणि उडालेलं पाणी लाल झालेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा टर्बोवर गेलं तर ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो.

ड्राय आइसचा मोह अनेकांना होतो. तो उणे ७८.५ अंशांचा असतो. रबरी ओ-रिंग आणि प्लास्टिकचे कनेक्टर त्या थंडीत कडक होतात, उघड्या हाताला जखम होते. त्याहून मोठा धोका म्हणजे त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड. तो हवेपेक्षा दीडपट जड असतो, इंजिनाच्या खाचेत साचून राहतो, आणि फिल्टर तो ओढायला लागला की सिलिंडरमध्ये ऑक्सिजनच कमी जातो. ताकद वाढवायला आणलेली वस्तू ताकद खाते. बंद ट्रेलरमध्ये किंवा बंद गाडीत ठेवला तर माणूस गुदमरू शकतो, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला तर डबा फुटतो. मी तो वापरत नाही. आणखी एक, काही वर्गांच्या नियमांत कृत्रिम थंडाव्यावर बंधनं असतात, त्यामुळे आपल्या वर्गाचं नियमपुस्तक आधी वाचून घ्या.

शेवटची पाच मिनिटं

एवढं सगळं करून लोक इथे घालवतात. रांग पुढे सरकते, गाडी चालू, दहा फूट पुढे, बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. अशा पाच-सहा खेपांत मॅनिफोल्ड होता तिथे परत येतो. गाडी ढकला. दोन माणसं मागे, ड्रायव्हर आत बसलेला हवाच. इंजिन बंद असताना ब्रेकला व्हॅक्यूमची मदत नसते, पेडल दगडासारखं लागतं, त्याची मनाची तयारी ठेवा, आणि उतारावर ढकलू नका.

तुमच्यापुढे गाड्यांच्या दोन जोड्या उरल्या की पिशव्या, कापडं, टॉवेल काढा. मोजून काढा. चार ठेवली असतील तर चार हातात आली पाहिजेत. राहिलेलं एक फडकं पट्ट्यात गुंतलं किंवा थ्रॉटलच्या केबलमध्ये अडकलं तर काय होईल ते सांगायला नको. मॅनिफोल्ड, कॉइल, कनेक्टर कोरड्या कापडाने पुसा, खाली जमिनीवर ठिबकतंय का ते वाकून बघा, मगच बॉनेट लावा. इंजिन बर्नआउटच्या (चाक जागेवर फिरवून टायर तापवण्याच्या) जागेपाशी पोचताना चालू करा. बर्नआउट टायर साफ आणि गरम होण्यापुरताच. ऐटीचा लांबलचक बर्नआउट मॅनिफोल्डपेक्षा पाण्याला जास्त तापवतो. नंतर स्टेजला रेंगाळू नका.

सेन्सर गार करून ईसीयूला फसवू नका

काही जण बर्फाची छोटी पिशवी नेमकी सेन्सरवर ठेवतात. लॉगमध्ये तापमान छान दिसतं, टायमिंग पुढे येतं, एखादा रन चांगलाही जातो. पण हवा गरमच असते. ईसीयूने टायमिंग मागे घेतलं होतं ते नॉकपासून पिस्टन वाचवायला. ते संरक्षण तुम्ही काढून घेता. शिवाय काही गाड्यांत हवेचं वजन मॅनिफोल्डचा दाब आणि तापमान यांवरून काढतात. तिथे सेन्सर खोटा गार असेल तर इंधन जास्त पडतं, खोटा गरम असेल तर कमी पडतं. खोटा गरम म्हणजे लाँचच्या क्षणी मिश्रण पातळ, आणि हेच कित्येक गाड्यांच्या गरम लाँचला येणाऱ्या अडखळीचं कारण असतं.

सेन्सरचा खरा दोष काढायचा असेल तर त्याची जागा आणि जात बघा. पितळी खोळीतला सेन्सर ॲल्युमिनियम मॅनिफोल्डमध्ये पिळून बसवलेला असेल तर तो हवेपेक्षा धातूचंच तापमान जास्त सांगतो. उघड्या मण्याचा, प्लास्टिकच्या अंगाचा सेन्सर फार लवकर सावरतो. तो थ्रॉटलच्या आधीच्या पाइपमध्ये नेता आला तर आणखी चांगलं, पण मग ट्यूनरकडून टायमिंगचे टेबल तपासून घ्या, कारण आकडे बदलतात. तुमच्या गाडीत तापमानाचा सेन्सर एअर फिल्टरजवळच्या एअरफ्लो मीटरमध्येच असेल, तर मॅनिफोल्डवर ठेवलेला बर्फ त्याला कळतही नाही. तिथे फिल्टरला रेडिएटरमागची गरम हवा मिळतेय का ते आधी पाहा.

मॅनिफोल्ड प्लास्टिकचा असेल तर

ग्लास फायबर भरलेल्या नायलॉनचा मॅनिफोल्ड उष्णता फार कमी वाहून नेतो. खालून चढणारी उष्णता तो अडवतो, तसाच वरचा बर्फही आतल्या हवेपर्यंत पोचू देत नाही. अशा गाडीत मी बर्फ ठेवत नाही. पाणी गार करतो, बॉनेट उघडं ठेवतो, पंखा लावतो, बस्स.

सुपरचार्जर आणि टर्बो

ही दोन्ही यंत्रं इंजिनात हवा दाबून भरतात. बर्फाची किंमत खऱ्या अर्थाने वसूल होते ती इथे. १.७ पट दाबाला हवा दाबली की ती १०० अंशांच्या आसपास सहज जाते, आणि ती गार करायचं काम इंटरकूलरचं. मॅनिफोल्डच्या आत पाण्यावर चालणारा इंटरकूलर असेल तर मॅनिफोल्डच्या वर पिशव्या ठेवण्यापेक्षा त्याच्या पाण्याच्या टाकीत बर्फ घाला. आतून गार होतो, थेट हवेला लागून.

इथे वारंवार होणारी एक चूक सांगतो. टाकीतलं पाणी ३-४ अंशांवर आणलं, आणि तेच पाणी पुढच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतंय. बाहेरची हवा ३२ अंश. आता तो रेडिएटर पाणी गार करत नाही, तापवतो. बर्फ घातल्यावर रेडिएटर वळसा घालून टाळता येईल अशी झडप हवी. बर्फही फार आधी घालू नका. अर्धा तास आधी घातलेला बर्फ तापलेला सुपरचार्जर गार करण्यातच वितळून जातो. आधी साध्या पाण्याने पंप चालवून उष्णता उतरवा, ते पाणी काढा, मग शेवटच्या दहा मिनिटांत नवा बर्फ. पंप चालू आहे की नाही हे आवाजावर सोडू नका, टाकीत पाणी परत येताना डोळ्यांनी बघा. लाइनमध्ये हवा अडकली तर पंप गुणगुणत राहतो आणि पाणी जागचं हलत नाही. टाकी पट्ट्यांनी आवळलेली आणि झाकण घट्ट असायलाच हवं.

हवेवर चालणारा इंटरकूलर पुढे बसवलेला असेल तर रांगेत त्याच्यासमोर पंखा पुरे. त्यावर पाणी फवारलं तर स्टेजला जायच्या आधी पूर्ण सुकू द्या.

कायमचे बदल

हेड आणि मॅनिफोल्डमध्ये उष्णतारोधक गॅस्केट किंवा फिनॉलिक स्पेसर (उष्णता अडवणारा जाड थर) बसवला तर तापणं थांबत नाही, पण उशिरा होतं, आणि रनआधीच्या थोड्या वेळात तेवढं पुरतं. स्पेसरने मॅनिफोल्ड वर उचलला जातो, बॉनेटची जागा आणि बोल्टची लांबी आधी मोजा. जुन्या कार्ब्युरेटरच्या व्ही८ इंजिनात मॅनिफोल्डखालून एक्झॉस्टची वाट काढलेली असते, थंडीत पेट्रोलची वाफ नीट व्हावी म्हणून. फक्त ट्रॅकवर धावणाऱ्या गाडीत ती बंद करणारं गॅस्केट घाला, फरक मोठा पडतो. थ्रॉटल बॉडीतून जाणारी गरम पाण्याची नळी वळवण्याचा फायदा त्यामानाने किरकोळ आहे. कमी तापमानाचा थर्मोस्टॅट घालणार असाल तर फॅन सुरू होण्याचं तापमानही खाली आणा, नाहीतर उभ्या गाडीत पाणी जुन्याच आकड्यावर जाऊन बसतं.

सगळं करूनही वेग घसरतोच

टेप सांगतेय ३४ अंश, टायमिंग पूर्ण आहे, नॉक नाही, आणि तरी तिसरा रन मंद. मग मॅनिफोल्ड सोडा. सुपरचार्जरचा पट्टा गरम झाल्यावर घसरतो का, ते बूस्टच्या (दाबून भरलेल्या हवेच्या दाबाच्या) आकड्यावरून बघा. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान, मॅन्युअलमध्ये वरच्या गिअरला आरपीएम चढतोय पण वेग तसा वाढत नाही असं होतंय का ते तपासा, म्हणजे क्लच सुटतोय. आणि टाकी बघा. वजन वाचवायला आपण तळाशी थोडंसं पेट्रोल ठेवतो. परतीची लाइन असलेल्या गाडीत तेच थोडं पेट्रोल गरम फ्यूल रेलवरून फिरून टाकीत येतं, प्रत्येक रनला जास्त तापतं, आणि पंपाला वाफ ओढायला लागते. लॉगमध्ये फ्यूल प्रेशर लाँचनंतर डळमळताना दिसलं तर पुढचा रन अर्ध्या टाकीने मारून बघा.